प्रत्यय

स्थळ बघून आलेल्या चंपूमावशीने
चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं,
"मुलगा ए.जी. ऑफिसात. तबला वाजवतो.
आणि हँडसम आहे बाई, अगदी हँडसम."
मावशीचं इंग्रजी त्या एका शब्दाशी सुरू होऊन तिथंच संपे,
पण तो तिने जन्मभर पुरवला:
जावयाला, नव्या सोफ्याला,
एकदा तर बाड्यावरच्या इमरतीलासुद्धा.

मी तेव्हा कंपूच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवायचे.
त्याच वर्षी तिसऱ्या बाकावरची नगमा कुरेशी
उभी राहिली: "मैडम, हैंड तो हाथ हुआ,
फिर ये सम क्या है?"
फळ्यावर मी नुकतेच मांडले होते, एकाखाली एक,
ट्रबलसम, क्वारलसम, टायरसम.
"पीछे लगता है," मी म्हटलं. "प्रत्यय है. याद कर लो."
ती बसली.
पटलं नव्हतं तिला.
तिचा चेहरा, माझ्या हातातला खडू,
खिडकीत किल्ल्याची धुरकट कड,
एवढं काही डोक्यातून जात नाही.

आता वेळ आहे. म्हणजे रात्री आहेत.
ह्यांना दोनदा कुशीवर वळवायचं असतं,
मधल्या तासांत मी जाडा कोश उघडून बसते.
त्यात लिहिलंय
की हँडसम आधी माणूस नव्हताच.
हाताला सोपं, ते हँडसम.
कुऱ्हाडीचा दांडा म्हणा, हातोडी म्हणा,
मुठीत नीट बसेल ते.
मग हाताशी असलेलं, मग बऱ्यापैकी, घसघशीत;
हातापासून चेहऱ्यापर्यंत चढायला त्याला
दीडशे-दोनशे वर्षं लागली.
आणि सम?
सम म्हणजे एक. तोच. सारखा.
फार जुन्या मुळाची एक फांदी तिकडे गेली,
एक आपल्याकडे आली, समान, समेत आणि सम.
नगमा, तूही आता साठीची असशील,
ऐकतेस का?
तो परका नव्हता ग. चुलत होता.

गेल्या माघात ह्यांचा डावा हात गेला.
गेला म्हणजे आहे,
उशीवर ठेवला की तिथेच राहतो.
संध्याकाळी शैलेंद्र भदौरिया रबरी चेंडू घेऊन येतो,
"दबाइए बाबूजी, थोड़ा और,"
आणि बोटं चेंडूकडे पाहुण्यासारखी बघत राहतात.
इतका सोपा झालाय तो हात
धुवायला, पुसायला, स्वेटरच्या बाहीत घालायला,
की मला मावशीचा शब्द आठवतो,
अगदी पहिल्या अर्थाने,
आणि आठवू नये असं वाटतं.

उजवा मात्र ऐकत नाही.
पलंगाच्या कडेवर त्याचा तीनताल चालूच,
सोळा मोजायचे आणि पुन्हा एकवर यायचं.
चहा गाळता गाळता मी हा ताल पन्नास वर्षं ऐकला
आणि कळलं आत्ता
की धा वाजायला दोन हात लागतात.
एका हाताने नुसता ना वाजतो.
समेवर ना.
दर सोळा मात्रांनी, ना.

काल रात्री मी माळ्यावरून डग्गा उतरवला.
धूळ पुसली. पुडी सैल, शाईला बारीक तडा.
स्टूल ओढून पलंगाशी बसले.
"मोज," हे म्हणाले, तोंडाच्या एका बाजूने.
चौदा, पंधरा, सोळा,
आणि मी हात टाकला
अर्धी मात्रा उशिरा.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं,
फळ्यापाशी उभ्या माणसाने
तिसऱ्या बाकाकडे बघावं तसं,
आणि म्हणाले,
"परत."